उघड्या दाराची प्रार्थना

दिवेलागण झाली की माझी आजी घराचे दार लावून घेते, उंबऱ्यापाशी हात जोडून प्रार्थना करते आणि मगच चुलीकडे वळते. रात्री विंचूकाट्यापासून आणि मनातल्या वाईट विचारांपासून देवाने राखावे, एवढेच तिचे मागणे. आमच्या वस्तीतल्या बहुतेक ख्रिस्ती घरांत हे असेच चालते. आजीला वाचता येत नाही. यंदा ग्रंथालयात पंडिता रमाबाईंचे चरित्र हाती आले आणि देवाने राखणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न माझ्या मनात घर करून बसला.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले आणि आईने ते लेकीला दिले. पुराणे सांगत, तीर्थे करीत हे कुटुंब देशभर पायी हिंडले. व्रते, उपास, दानधर्म यांत काही कमी केले नाही. तरी १८७४ च्या सुमारास उपासमारीत वडील, आई आणि थोरली बहीण पाठोपाठ गेली. उरली रमा आणि भाऊ श्रीनिवास. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडी पडली तेव्हा जवळ पांघरूण नव्हते. दोघा भावंडांनी थडग्यासारखे खड्डे खणले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. हे वाचल्यावर मी थोडा वेळ पुस्तक मिटून ठेवले होते.

पुढचा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. १८७८ साली कलकत्त्यात मिळालेला मान, १८८० मध्ये भावाचा मृत्यू आणि बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह, १८८२ मध्ये वैधव्य. कडेवर तान्ही मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

पण बाप्तिस्म्याचे पाणी डोक्यावर पडले म्हणजे मन सज्ज होते असे नाही. ही कबुली खुद्द रमाबाईंनीच दिली आहे. आपण ख्रिस्ताचा धर्म घेतला, पण ख्रिस्त आपल्याला भेटलाच नाही, हे त्यांना सुमारे आठ वर्षांनी उमगले. एवढी विदुषी बाई इतक्या वर्षांनी असे म्हणते, याचे मला फार नवल वाटले आणि थोडा धीरही आला.

तोवर विधवा मुलींसाठीचे शारदा सदन मुंबईत निघून (१८८९) पुण्यात आले होते. धर्माच्या बाबतीत तेथे कोणावर सक्ती नव्हती. रमाबाई स्वतःच्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत. दार मात्र लावीत नसत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. शहरात ओरड झाली. १८९३ साली रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. पालकांना भरवसा दिलेला होता, तेव्हा त्यांचा राग अगदीच अनाठायी होता असे मला म्हणवत नाही. पण दार लावून घ्या म्हटल्यावर ते लावणे रमाबाईंना जमले नाही, हेही खरे.

मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला. उपासमार म्हणजे काय हे ज्या बाईला वाचून शिकावे लागले नव्हते, ती मध्य प्रांतात गेली आणि हाडांचे सापळे झालेल्या शेकडो मुली घेऊन आली. पुण्यात प्लेग आणि त्याचे निर्बंध; म्हणून केडगावच्या माळावर छपरे उभी राहिली. तेच मुक्ती सदन. १८९८ मध्ये अमेरिकेतल्या मदतीची दहा वर्षांची मुदतही संपली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथे दीड हजारांहून अधिक माणसे जेवत होती आणि ठराविक उत्पन्न नव्हते. रमाबाई प्रार्थना करीत आणि विहिरीही खणून घेत. शेती, माग, तेलघाणा, छापखाना अशी कामे मुली शिकल्या. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकविले. रोगराई आली, मुली दगावल्या. संकट दाराशी येणारच नाही, अशी हमी त्यांनी देवाकडे मागितलेली दिसत नाही. ते आले तेव्हा कोठीत धान्य असावे आणि मन ठिकाणावर असावे, यासाठी त्या रोज खपत.

उत्तरायुष्यात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा मराठीत बायबल उतरविण्याचे काम घेतले. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. हाताशी आलेली एकुलती एक लेक. रमाबाईंनी प्रुफे तपासणे सोडले नाही. शेवटच्या आजारात, काम पुरे होण्यासाठी त्यांनी देवाकडे आणखी दहा दिवस मागितले, असे सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. प्रुफे तपासून झाली होती.

ग्रंथ पुरा छापून निघाला तो १९२४ साली, मुक्तीच्याच छापखान्यात. मी त्यातला एक उतारा आजीला वाचून दाखविला. तिने मध्ये एकदाही शब्दाचा अर्थ विचारला नाही. दिवेलागण झाली होती, पण दार लावायचे राहूनच गेले.