रोशा गवताच्या नावातला सेनानी

भंडारा, गोंदिया आणि एकूणच विदर्भातील कोरड्या पानझडी जंगलांत पावसाळा सरता सरता एक उंच गवत फुलोऱ्यावर येते. त्याची पाती चुरगळली की गुलाबाची आठवण करून देणारा वास हाताला लागतो. या गवताला कुणी रोशा म्हणते, कुणी तिखाडी. त्यापासून काढलेले तेल ‘पामारोझा’ या नावाने जगभरच्या सुगंधोपचारात वापरले जाते. वनस्पतिशास्त्राच्या दप्तरी मात्र या गवताची नोंद ‘सिम्बोपोगॉन मार्टिनी’ अशी आहे. यातील मार्टिनी हे नाव मेजर जनरल क्लॉड मार्टिन याच्यावरून आले.

क्लॉड मार्टिनचा जन्म ५ जानेवारी १७३५ रोजी फ्रान्समधील लियाँ शहरात झाला. ऐन तारुण्यात तो फ्रेंच कंपनीच्या फौजेत शिपाई म्हणून भरती झाला आणि हिंदुस्थानात आला. इंग्रजांपुढे फ्रेंचांची सत्ता कोसळू लागली, तेव्हा त्याने बाजू बदलली आणि ईस्ट इंडिया कंपनीची चाकरी पत्करली. जेम्स रेनेलच्या हाताखाली त्याने बंगालच्या मोजणीचे काम केले. १७७६ मध्ये अवधच्या नवाबाच्या लखनौतील शस्त्रागाराचा तो अधीक्षक झाला. नीळ, सावकारी आणि इमारती यांतून त्याने अमाप संपत्ती मिळवली.

पैसा मिळवणे एवढाच त्याचा छंद नव्हता. त्याने मोठा ग्रंथसंग्रह जमवला, देशी चित्रकारांकडून पशुपक्ष्यांची आणि वनस्पतींची चित्रे काढून घेतली, लखनौत गरम हवेच्या फुग्याचे प्रयोग केले. मूत्राशयातील खड्याने तो त्रस्त झाला, तेव्हा बारीक तारेची कानस बनवून त्याने तो खडा महिनोन् महिने स्वतःच घासून काढला. शल्यचिकित्सेच्या इतिहासात या धाडसी उपचाराची आजही दखल घेतली जाते.

टिपू सुलतानाविरुद्ध १७९० ते १७९२ या काळात झालेल्या युद्धात इंग्रजांच्या बाजूने निजामाची आणि मराठ्यांचीही फौज उतरली होती. मार्टिन या मोहिमेत लॉर्ड कॉर्नवॉलिसबरोबर होता. बालाघाटाच्या पठारावर छावणीतील जनावरे एका उंच गवतावर तुटून पडतात, हे त्याच्या नजरेत भरले. हे गवत चरणाऱ्या जनावरांच्या दुधालोण्यालाही त्याचा उग्र वास येई. त्याने बी गोळा करून लखनौत पेरले. ते जोमाने उगवल्यावर बी कलकत्त्याला विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे गेले. रॉक्सबर्गने गवताचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याला मार्टिनचे नाव दिले. रॉक्सबर्गचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १८२० मध्ये छापला गेला.

हे बालाघाट म्हणजे भंडाऱ्याच्या शेजारचा आजचा बालाघाट जिल्हा नव्हे. घाटमाथ्यावरील दख्खनच्या पठाराला त्या काळी हे नाव होते. मात्र तेच गवत विदर्भातही विपुल उगवते आणि खानदेश-विदर्भात त्याच्या तेलाच्या भट्ट्या लागत. फुलोऱ्यावर आलेले गवत कापायचे, पाण्याबरोबर उकळायचे आणि वाफ थंड करून वर तरंगणारे तेल वेगळे करायचे, अशी ही रीत. हे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानात जाई आणि तेथे महागड्या गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. गुलाबाच्या वासात ज्याचा मोठा वाटा असतो, ते जिरॅनिऑल हेच या तेलाचाही मुख्य घटक आहे. ‘मोतिया’ जातीच्या गवतात ते भरपूर असते, ‘सोफिया’ जातीत कमी. त्यामुळे मोतिया तेलाला भाव अधिक.

सांधेदुखीवर हे तेल चोळण्याची रीत जुनी आहे. प्रयोगशाळेत त्याचा जंतू आणि बुरशी यांवर परिणाम दिसतो, डासही त्याच्या वासाने दूर राहतात. पण प्रयोगशाळेतील परिणाम म्हणजे रोग्यावरचा उपाय नव्हे. सुगंधोपचाराने मन निवते याला काही आधार आहे. रोग बरे होण्याच्या अनेक दाव्यांना तो नाही. असे तेल खोबरेल वा तिळाच्या तेलात पातळ केल्याशिवाय कातडीला लावू नये आणि पोटात तर घेऊच नये.

सुगंधोपचाराला नाव देणारा रसायनज्ञ रने-मोरिस गातफोसे हाही लियाँचाच, हा एक विलक्षण योग. १९१० मध्ये प्रयोगशाळेतील स्फोटात तो भाजला. जखमा चिघळल्या, त्या लॅव्हेंडरच्या तेलाने आटोक्यात आल्या असा त्याचा अनुभव होता. त्यातूनच ‘अरोमाथेरपी’ हा शब्द मिरवणारे त्याचे पुस्तक १९३७ मध्ये निघाले.

मार्टिन १३ सप्टेंबर १८०० रोजी लखनौत वारला. स्वतःच बांधलेल्या ‘कॉन्स्टॅन्शिया’ या प्रासादाच्या तळघरात त्याचे दफन झाले. मृत्युपत्रानुसार त्याच्या संपत्तीतून लखनौ, कलकत्ता आणि लियाँ येथे ‘ला मार्टिनिएर’ शाळा उभ्या राहिल्या, आणि शिपायाची ओळख शिक्षणाचा दाता अशी झाली. त्याने गवताचा ‘शोध’ लावला, असे मात्र म्हणता येणार नाही. गुराख्यांना आणि भट्टीवाल्यांना ते आधीपासून ठाऊक होते. चरणाऱ्या जनावरांकडे पाहून थांबावे आणि मूठभर बी सोबत घ्यावे, एवढे कुतूहल युद्धाच्या धामधुमीतही त्याच्यापाशी होते. त्या कुतूहलाची खूण म्हणून विदर्भाच्या रानातील तिखाडी आजही त्याचे नाव वागवते. ज्यांनी तिला तिखाडी म्हटले, त्यांची नावे मात्र कुठल्याच ग्रंथात नाहीत.