साध्या खेळांचे कारागीर : गुनपेई योकोई

थोर शास्त्रज्ञांची चरित्रे आपण नेहमी वाचतो. आज मी तुम्हाला खेळ बनवणाऱ्या एका माणसाची माहिती सांगणार आहे.

गुनपेई योकोई यांचा जन्म १९४१ साली जपानमधील क्योटो शहरात झाला. इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेऊन १९६५ साली ते निन्टेन्डो कंपनीत लागले. ही कंपनी तेव्हा खेळायचे पत्ते बनवायची. तिथल्या यंत्रांची देखभाल करायची, एवढंच त्यांचं काम. रिकाम्या वेळात त्यांनी गंमत म्हणून लांबची वस्तू पकडणारा, लांब-आखूड होणारा हात बनवला. तो नेमका कंपनीचे प्रमुख हिरोशी यामाउची यांनी पाहिला. आता बोलणी बसणार! पण झालं उलटंच. त्याचंच खेळणं करायचं ठरलं. १९६६ साली आलेल्या त्या खेळण्याचे दहा लाखांहून जास्त नग खपले.

पुढे आगगाडीत एक प्रवासी कॅल्क्युलेटरशी चाळा करत बसलेला योकोई यांना दिसला. त्यावरून त्यांना कल्पना सुचली आणि १९८० साली खिशात मावणारा 'गेम अँड वॉच' तयार झाला. पडदा कॅल्क्युलेटरसारखाच, बटणं मोजकीच.

१९८९ साली 'गेम बॉय' आला. दुसऱ्या कंपन्यांनी रंगीत पडदे आणले, याचा पडदा मात्र हिरवट. पण तो स्वस्त होता आणि चार सेलांवर कितीतरी तास चालायचा. त्यावरचा टेट्रिस हा खेळ रशियाच्या अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ साली बनवलेला. वरून पडणारे ठोकळे फिरवून ओळ पूर्ण करायची, बस्स! माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नाही. तरी मोबाईलवर हा खेळ ती बघता बघता शिकली. 'गेम बॉय' आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटींहून जास्त नग विकले गेले.

योकोई यांना अपयशही आलं. १९९५ सालचा त्यांचा 'व्हर्च्युअल बॉय' चालला नाही. लाल चित्रं पाहून लोकांचे डोळे दुखायचे. १९९६ साली नोकरी सोडून त्यांनी स्वतःची कंपनी काढली. पण ४ ऑक्टोबर १९९७ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे ५६ वर्षांचे होते.

जुनी, स्वस्त, सगळ्यांच्या माहितीची वस्तू घ्यायची आणि तिचा नवा उपयोग शोधायचा, ही त्यांची रीत मला फार आवडते. आपल्याकडे महागडं सामान नाही म्हणून अडून बसायला नको. म्हणून पालकांना एक विनंती : घरातला बंद पडलेला रेडिओ भंगारात देण्याआधी एकदा आम्हाला उघडून बघू द्या.