हिशेबनीस सयाजी ऊ बा खिन



ध्यान म्हटले की आपल्या वस्तीत म्हणतात, ते भिक्खूंचे काम, नाहीतर भरल्या पोटाच्या माणसाचे. सूतगिरणीत पाळी करताना मीही तेच म्हणायचो. मग ब्रह्मदेशच्या सयाजी ऊ बा खिन यांचे चरित्र वाचले.

६ मार्च १८९९ रोजी रंगूनच्या कामगार वस्तीत ते जन्मले. हुशार, शिष्यवृत्ती मिळालेली, पण घरी कमावणारा हात हवा म्हणून कॉलेज सुटले. (आपल्याकडे किती घरांत हेच झाले!) पुढे महालेखापालांच्या कचेरीत कारकून झाले. १९३७ साली त्यांना आनापान, म्हणजे येत्या-जात्या श्वासावर लक्ष ठेवणे, कळले. मन असे निवले की आठवड्यात रजा काढून ते पुढचे शिकायला गेले. गुरू कोण? सया तेजी, चीवर नसलेला साधा शेतकरी! १९४१ मध्ये वेबू सयाडो या भिक्खूंनी त्यांना शिकवायला सांगितले. पहिला शिष्य रेल्वे स्टेशनवरचा माणूस.

४ जानेवारी १९४८ ला ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि हा कारकून देशाचा महालेखापाल झाला. साहेब झाले तरी कचेरीतल्या लोकांना ध्यान शिकवत. १९५२ मध्ये रंगूनला केंद्र काढले. नोकरी मात्र १९६७ पर्यंत केली, एका वेळी तीन-तीन खाती सांभाळून.

१९५५ साली सत्यनारायण गोएंका हे व्यापारी अर्धशिशीने बेजार होऊन आले. मॉर्फिनच्या सुया घ्यायचे. डोके थांबवायला येत असाल तर येऊ नका, असे सयाजींनी त्यांना सांगितले. मन शुद्ध करायला या, दुखणे गेले तर गेले. मला हे फार पटते. गिरणीला टाळेबंदी लागली तेव्हा माझी झोप उडाली होती. श्वास बघत बसायचो, तरी डॉक्टरची गोळी चालूच होती. त्यात लाज कसली? १९७९ पासून अमेरिकेतल्या इस्पितळातही सजगतेचे वर्ग चालतात, ते औषधाच्या जोडीला. मनाचा आजार बळावला तर आधी डॉक्टर गाठावा, शिबिर नंतर.

भारताची विद्या भारताला परत द्यायची सयाजींना फार ओढ होती. स्वतः येणे जमले नाही. गोएंकांनी जुलै १९६९ मध्ये मुंबईत पहिले शिबिर घेतले. १९ जानेवारी १९७१ रोजी सयाजी गेले. आपल्या इगतपुरीचे धम्मगिरी त्यानंतर पाच वर्षांनी सुरू झाले.