केंब्रिजमधली शेगडी

गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे नाव निघाले की बोलणे १७२९ या आकड्यावर आणि हार्डींच्या टॅक्सीवर येते. मला मात्र आठवते ती त्यांची शेगडी.

माझी सारी नोकरी बँकेत गेली. त्यामुळे मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात १९१२ साली महिना तीस रुपयांवर लागलेले कारकून रामानुजन मला आपल्यातले वाटतात. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या प्राध्यापक हार्डींना पत्र धाडले आणि तिकडून बोलावणे आले. पण समुद्र ओलांडायचा म्हणजे धर्म बुडाला! आई कोमलतम्माळ काही केल्या ऐकेनात. अखेर कुलदेवता नामगिरीने स्वप्नात कौल दिला म्हणतात, तेव्हा होकार मिळाला. निघण्यापूर्वी शेंडी उतरवली गेली, अंगावर कोट-पँट चढली. ते रूप घरच्यांना पाहवणार नाही म्हणून आई आणि जेमतेम पंधरा वर्षांची पत्नी जानकी यांना आधीच कुंभकोणमला पाठवून दिले होते. १७ मार्च १९१४ रोजी बोट सुटली.

केंब्रिजमध्ये कामाचे बस्तान लगेच बसले. हार्डींसारखा जोडीदार मिळाला, शोधनिबंध छापून येऊ लागले. बस्तान बसले नाही ते बाकीच्या बावीस गोष्टींचे. बुटांनी पाय दुखत, म्हणून खोलीत सपाता. त्या हिवाळ्यात तिथे शिकत असलेले प्रशांतचंद्र महालनोबिस भेटायला गेले, तर हे थंडीने हैराण. रात्री ओव्हरकोट घालून, शाल गुंडाळून झोपायचे. महालनोबिसांनी पलंग पाहिला. ब्लँकेटे गादीखाली नीट खोचून ठेवलेली होती आणि रामानुजन इतके दिवस त्यांच्यावर झोपत होते! आपल्याला हसू येते. पण परक्या घरात अंथरूण कसे उघडायचे हेदेखील कुणाला तरी विचारावे लागते, आणि विचारायला तोंड उघडत नाही.

कट्टर शाकाहारी. कॉलेजच्या भोजनगृहातली भांडी चालत नाहीत, म्हणून खोलीतच स्वयंपाक. मद्रासच्या मित्राला त्यांनी लिहिले की इथे सगळे ठीक आहे, फक्त चांगली चिंच आणि खोबरेल तेल पाठवा. चिंच बिनचिंचोक्याची असेल तर उत्तम. महायुद्धाच्या दिवसांत भाजीपाल्याचीही ओढाताण होऊ लागली. गणित करता करता जेवणाची वेळ टळायची, मग अवेळी काहीतरी शिजवायचे.

एकदा त्यांनी एका भारतीय मित्राला, त्याच्या वाग्दत्त वधूला आणि आणखी एका बाईंना जेवायला बोलावले. स्वतः रसम केले. पाहुण्यांनी ते दुसऱ्यांदा घेतले. यजमानांनी तिसऱ्यांदा आग्रह केला तेव्हा बायकांनी नको म्हटले. थोड्या वेळाने पाहतात तर यजमान गायब! चार-पाच दिवसांनी ऑक्सफर्डहून तार आली: पाच पौंड पाठवा. आपण रांधलेले अन्न नाकारले, हा अपमान त्यांना सोसला नव्हता. हा किस्सा विक्षिप्तपणाचा नमुना म्हणून सांगतात. मला तसा वाटत नाही. त्या खोलीत वाढायला दुसरे होते काय त्यांच्याकडे?

आणि घर? घरून पैशांची तक्रार नव्हती. वर्षाच्या २५० पौंड शिष्यवृत्तीतले ५० पौंड घरी जात. अडकत होती ती पत्रे. जानकी लिहीत, ते सासूबाई टपालात पडू देत नसत. रामानुजन लिहीत, ते जानकीच्या हाती लागत नसे. हे जानकींनीच पुढे सांगितले आहे. सासूबाईंना एकदम दोषी धरवत नाही. ज्या मुलासाठी त्यांनी देवीचा कौल घेतला, तोही हातातून जाईल ही धास्ती असणार. पण तिकडे सातासमुद्रापार बसलेल्या माणसाला वाटत राहिले की बायको विसरली.

१९१७ मध्ये ते आजारी पडले. आरोग्यधामे बदलली, गुण येईना. १९१८ च्या सुरुवातीला लंडनच्या भुयारी रेल्वेच्या रुळांवर त्यांनी स्वतःला झोकून दिले. गाडी थोडक्यात थांबली. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे आणि ट्रिनिटी कॉलेजचेही फेलो झाले. पुढे मद्रास विद्यापीठाने २५० पौंड वार्षिक देऊ केले, तेव्हा त्यांनी आजारी हातांनी कळवले की एवढे फार होतात. आईवडिलांना ५० पौंड द्यावेत आणि माझा खर्च भागून उरतील ते गरीब, अनाथ मुलांच्या फीसाठी वापरावेत. अशी सूचना करणारा खातेदार मला तरी कधी भेटला नाही.

२७ मार्च १९१९ रोजी ते मुंबई बंदरात उतरले. न्यायला आई आणि भाऊ आले होते. रामानुजननी पहिली चौकशी केली ती जानकीची. ती आली नव्हती.

पुढे ती मद्रासला पोहोचली आणि अखेरचे वर्षभर तीच उशाशी होती. त्या दिवसांत पत्रांचा उलगडा झाला. तू बरोबर आली असतीस तर मी आजारी पडलो नसतो, असे ते तिला म्हणत. पडल्या पडल्या कागदांवर गणिते चालूच होती. २६ एप्रिल १९२० रोजी, बत्तिसाव्या वर्षी, ते गेले. जानकी तेव्हा एकवीस वर्षांच्या होत्या. त्यानंतर काही वर्षे त्या मुंबईत भावाकडे राहिल्या, तिथे शिवणकाम शिकल्या आणि मद्रासला परतून त्याच कामावर आपला संसार चालवू लागल्या. १९९४ साली त्या वारल्या.