मजुरीचा हिशेब आणि विनोबा

स्त्रिया आता श्रमाच्या क्षेत्रात उतरू लागल्या, असे म्हणण्याची आपल्याकडे एक प्रथाच पडली आहे. वर्धा जिल्ह्यातील कोणत्याही गावी कापसाच्या वेचणीच्या दिवसांत सकाळी गेले, तर या विधानातील पोकळपणा ध्यानात येतो. निंदण आणि वेचणी ही कामे येथील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत. त्यांच्या श्रमात नवे असे काही नाही. त्या श्रमाचे मोल काय, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला. तो प्रश्न स्वतःच्या पोटावर घेऊन पाहणाऱ्यांत विनोबा भावे होते. भूदानाच्या कीर्तीपुढे त्यांच्या चरित्रातील हे प्रकरण काहीसे झाकले गेले आहे.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा जिल्ह्यातील गागोदे गावी झाला. १९१६ मध्ये ते गांधीजींकडे आले आणि एप्रिल १९२१ मध्ये जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून वर्ध्याच्या आश्रमाची धुरा त्यांच्याकडे सोपविण्यात आली. १९३२ च्या अखेरीस ते वर्ध्याजवळच्या नालवाडीत राहावयास गेले. खादीच्या चळवळीने तोवर चांगलेच मूळ धरले होते. तथापि तिच्या पायाशीच एक अन्याय होता. सूत कातणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि खादीच्या सर्व प्रक्रियांत सर्वांत कमी मोबदला कातण्यालाच मिळे. विणकराला जे पडे, त्याच्या जवळपासही कातणारीची कमाई जात नसे.

याचे कारण उघड होते. कातणे हे फावल्या वेळचे, संसाराला हातभार लावणारे काम मानले गेले होते. जे काम हातभार म्हणून गणले जाते, त्याला पोट भरेल एवढी मजुरी द्यावी, असे कोणालाच वाटत नाही. स्त्रीच्या श्रमाला दुय्यम ठरविणारा हा समज चळवळीच्या हिशेबाच्या वहीतही शिरला होता.

विनोबांनी या विषयावर प्रथम व्याख्यान दिले नाही. ते कातावयास बसले. दिवसाचे आठ-आठ तास कातून जी मजुरी हाती येईल, तीतच आपला निर्वाह चालवावयाचा, असा त्यांनी नेम केला. गणिताची मूळचीच आवड असलेल्या या माणसाने तासांचा, तारांचा आणि आण्यांचा चोख हिशेब ठेवला. कातणाऱ्या बाईला मिळणारा मोबदला एका माणसाच्या साध्या अन्नालाही अपुरा आहे, हे त्यातून उघड झाले. त्याच सुमारास गांधीजींनी हा प्रश्न चरखा संघापुढे मांडला. आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळावेत, ही त्यांची इच्छा होती. व्यवहारात तीन आण्यांवर समाधान मानावे लागले. १९३५ च्या ऑक्टोबरात संघाने निर्वाहापुरत्या मजुरीचे तत्त्व स्वीकारले. खादी महागेल आणि खप घटेल, ही भीती तेव्हाही बोलून दाखविली गेली. ती निराधार नव्हती. तरीही स्वस्ताईचा भार कातणारीनेच का वाहावा, या प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर नव्हते.

पुढे प्रकृती खालावल्यामुळे १९३८ मध्ये विनोबा पवनारला धाम नदीच्या काठी आले. १९४० मध्ये ते पहिले वैयक्तिक सत्याग्रही झाले, १९५१ मध्ये भूदानाची पदयात्रा सुरू झाली. ती चालू असतानाच, मार्च १९५९ मध्ये, त्यांनी पवनारला स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. शेती, स्वयंपाक, सफाई, छपाई ही कामे भगिनींनी स्वतः करावयाची आणि निर्णय सर्वसंमतीने घ्यावयाचे, अशी तेथील व्यवस्था. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी याच ठिकाणी त्यांनी देह ठेवला.

या प्रयोगांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नालवाडीचा प्रयोग हवा तेव्हा थांबविण्याची मुभा विनोबांना होती. मजूर बाईला ती नसते. दिवसभर कातून उठल्यावर त्यांना लेकरांसाठी चूल पेटवावयाची नव्हती. पवनारच्या भगिनींनीही संसार स्वीकारलेला नव्हता. घर आणि शेत या दोन्ही पाळ्या एकाच देहाने करणाऱ्या स्त्रीचा प्रश्न यामुळे सुटला, असे म्हणता येणार नाही.

तरीही त्यांनी दाखविलेली कसोटी आजही उपयोगी आहे. केंद्र सरकारच्या श्रमबल पाहणीनुसार १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमातील सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो ४१.७ टक्के झाला. आकडा आनंदाचा आहे. परंतु या वाढीचा मोठा भाग ग्रामीण स्वयंरोजगाराचा असून त्यात घरच्या शेतीत वा धंद्यात वेतनाविना राबणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी आहे. म्हणजे मोजणीत त्या आल्या, मजुरीच्या वहीत आल्या नाहीत. १९७६ मध्ये समान वेतनाचा कायदा झाला, तोही बिनवेतन श्रमाच्या दारापर्यंत पोहोचू शकला नाही.

कापसाचा भाव पडला की वेचणीचा दर वाढविणे शेतकऱ्याला जड जाते, हे खरेच. १९३५ मधील खादीची अडचणही याच जातीची होती. म्हणून त्यातून मार्ग काढणाऱ्यांनी टक्केवारीपाशी न थांबता नालवाडीचा साधा हिशेब पुन्हा मांडावा: दिवसभर राबलेल्या बाईच्या हाती जे पडते, त्यात तिचे स्वतःचे पोट भरते काय? या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी येईपर्यंत सहभागाच्या वाढीला प्रगती म्हणताना आपण जपून बोलावे, हे बरे.