हसवणाऱ्या वायूचा माणूस : हंफ्री डेव्ही

२००१ साली ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ने नाइट्रसची बाटली दाखवली, २००४ साली ‘धूम’ने बाइकचं वेड लावलं. तेव्हापासून इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर असा एक तरी पोट्टा भेटतोच, ज्याला आपल्या गाडीला नाइट्रस लावायचा असतो. बटण दाबलं की गाडी सुटली! पण हा वायू पद्धतशीरपणे पहिल्यांदा कोणी तपासला, असं विचारलं की सगळे गप्प. त्याचं नाव हंफ्री डेव्ही. चाचणी कशी घ्यावी आणि कशी मुळीच घेऊ नये, हे दोन्ही धडे या एकाच माणसाच्या आयुष्यात सापडतात.

डेव्हीचा जन्म १७ डिसेंबर १७७८ रोजी इंग्लंडमधल्या पेन्झान्स या गावी झाला. वडील लाकडावर कोरीवकाम करायचे. १७९४ मध्ये ते वारले. घरावर कर्ज, आणि पाच भावंडांत हा थोरला. पुढच्याच वर्षी गावातल्या एका डॉक्टरकडे तो उमेदवारीला लागला. कॉलेज नाही, डिग्री नाही. जी पुस्तकं हाती लागतील ती वाचायची आणि जमेल त्या भांड्यात प्रयोग करायचे, एवढीच त्याची लॅब.

१७९८ साली, वयाची वीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती तेव्हा, त्याला ब्रिस्टलला बोलावणं आलं. डॉ. थॉमस बेडोज यांना वेगवेगळे वायू हुंगवून रोग बरे करता येतात का ते पाहायचं होतं. त्यासाठीची उपकरणं बनवायला मदत कोणाची, तर वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॅटची!

नाइट्रस ऑक्साइड १७७२ मध्ये प्रीस्टलीने शोधला होता, पण हा वायू जीवघेणा आहे असा एका अमेरिकन डॉक्टरचा दावा होता. डेव्हीने तो मान्यही केला नाही आणि उडवूनही लावला नाही. त्याने तपासलं. अमोनियम नायट्रेट तापवलं की हा वायू मिळतो, पण आच जास्त झाली तर विषारी नायट्रिक ऑक्साइड निघतो, नाहीतर स्फोट होतो. म्हणून आधी आच सांभाळायची, मग वायूची शुद्धता पाहायची आणि मगच मोजून हुंगायचा. किती वायू, किती वेळ, नाडी किती, हे सगळं वहीत. २६ डिसेंबर १७९९ रोजी तर तो एका बंद पेटीत सव्वा तास बसला. बाहेरून ठरावीक वेळाने मोजून वायू सोडला जात होता आणि शेजारी डॉक्टर हजर होता.

हुंगणाऱ्याला हसू फुटायचं, म्हणून नाव पडलं लाफिंग गॅस. त्याने दुखणं थांबतं, हेही डेव्हीच्या लक्षात आलं आणि शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग होईल असं त्याने १८०० सालच्या आपल्या पुस्तकात नोंदवलं. पण ते कोणी मनावर घेतलं नाही. दात काढताना हा वायू वापरला गेला तो थेट १८४४ मध्ये, अमेरिकेत. मधली चव्वेचाळीस वर्षं रोगी भूल नसतानाच कळा सोसत राहिले.

आता नाण्याची दुसरी बाजू. याच डेव्हीने नायट्रिक ऑक्साइड हुंगून तोंड आणि घसा भाजून घेतला. कार्बन मोनॉक्साइड असलेला वायू हुंगून तो मरता मरता वाचला. १८१२ मध्ये नायट्रोजन ट्रायक्लोराइडचा स्फोट होऊन काच त्याच्या डोळ्यात गेली. हा पदार्थ शोधणाऱ्या ड्यूलाँगने त्यापायी एक डोळा आणि बोटं गमावली होती, हे माहीत असूनही! डोळा बरा होईपर्यंत लिहायला माणूस हवा होता. त्या निमित्ताने एक बुकबाइंडर पोरगा त्याच्याकडे आला आणि १८१३ मध्ये सहायक म्हणून कायमचा लागला. तो मायकेल फॅरेडे. पुढे १८२३ साली फॅरेडेने हाच नाइट्रस दाबाखाली द्रवरूप करून दाखवला. आज बाटलीत भरतात तो हाच द्रव.

दरम्यान डेव्ही लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये पोहोचला होता. १८०७ मध्ये त्याने बॅटरीच्या प्रवाहाने पोटॅशियम आणि सोडियम वेगळे केले. पण सामान्य माणसाला तो आठवतो तो दिव्यामुळे. २५ मे १८१२ रोजी फेलिंगच्या कोळसा खाणीत वायूचा स्फोट होऊन ९२ जण गेले. १८१५ मध्ये डेव्हीने खाणीतला वायू मागवला, लॅबमध्ये त्याचे स्फोट घडवले आणि शोधून काढलं की बारीक तारेच्या जाळीतून ज्वाळा पलीकडे जात नाही, कारण धातू तिची उष्णता खेचून घेतो. आधी लॅब, मग जानेवारी १८१६ मध्ये प्रत्यक्ष खाण! पेटंट त्याने घेतलं नाही. पण जाळी गंजली, फाटली की दिवा घात करायचा. शिवाय दिवा आहे म्हणून मालक जास्त वायूच्या जागीही मजूर उतरवू लागले, आणि अपघात होतच राहिले. सुरक्षेचं साधन आलं म्हणून बेफिकिरी चालत नाही. २९ मे १८२९ रोजी जिनिव्हात, अवघ्या पन्नासाव्या वर्षी, डेव्ही गेला.

आता येऊ गाडीकडे. नाइट्रस स्वतः जळत नाही. वजनाने त्यात ३६ टक्के ऑक्सिजन असतो, हवेत सुमारे २३ टक्के. इंजिनच्या उष्णतेत तो सुटा होतो, म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं. मेख इथेच आहे. नाइट्रस गेला आणि पेट्रोल कमी पडलं, तर मिश्रण लीन होतं, नॉकिंग सुरू होतं आणि पिस्टनला भोक पडतं. म्हणून जाणकार ट्यूनर डेव्हीसारखेच वागतात. आधी मूळ इंजिन, क्लच, ब्रेक ठणठणीत आहेत का ते पाहतात आणि डायनोवर नाइट्रसशिवाय रीडिंग घेतात. जादाच्या पेट्रोलचा पुरवठा आधी तपासतात. मग सगळ्यात लहान जेट. नाइट्रस फक्त पूर्ण थ्रॉटलला आणि ठरावीक आरपीएमच्या वरच, टायमिंग थोडं मागे घेऊन. प्रत्येक रननंतर प्लग काढून बघायचा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. बाटली किती भरली आहे ते वजनावरून ठरवायचं, कारण द्रव शिल्लक असेपर्यंत दाब जवळपास तोच राहतो. फिटिंगला तेल-ग्रीस अजिबात लागू द्यायचं नाही.

आणि आपल्या वर्ध्याचं काय? नाइट्रसचं क्रांतिक तापमान ३६.४ अंश, तिथे दाब सुमारे ७२ बार. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात! म्हणजे उन्हात उभ्या गाडीवरच्या बाटलीत द्रव असा उरतच नाही, आणि भरलेल्या बाटलीचा दाब चढत जातो. थंड देशात बाटलीला हीटर लावतात, इथे सावली शोधावी लागेल. सकाळी बसवलेलं ट्यूनिंग दुपारी चुकणार, कारण दाब वाढला की तोच जेट जास्त नाइट्रस सोडतो. बर्स्ट डिस्क नसलेली, जुगाड केलेली बाटली तर सीटखाली ठेवलेला बॉम्बच समजा. २६ जुलै २००७ रोजी अमेरिकेत मोहावी इथे रॉकेटसाठी नाइट्रसच्या फक्त प्रवाहाची चाचणी सुरू असताना स्फोट झाला आणि तीन जण गेले. ती अनुभवी माणसं होती, इंधन पेटवलंही नव्हतं.

शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत असे मनमानी बदल करू देत नाही, आणि गॅसच्या बाटल्यांना मंजुरी देणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालय तर आपल्या शेजारी नागपुरातच आहे. तेव्हा हौस असेल तर प्रोजेक्ट करा, सरांना गाइड घ्या, डायनोवर करा. सेवाग्राम रोडवर रात्री बारा वाजता नको.

डेव्ही नशिबाने अनेकदा वाचला. आपण त्याचं नशीब मागू नये, त्याची वही मात्र जरूर उचलावी!