जिगोरो कानो
जिगोरो कानो (इ.स. १८६० – ४ मे, इ.स. १९३८) हे जपानी शिक्षणतज्ज्ञ व ज्युदोचे जनक होते. त्यांचा जन्म आजच्या कोबे शहरातील मिकागे येथे झाला. शरीराने किरकोळ असल्याने शाळेत दांडग्या मुलांचा त्रास सोसावा लागल्यामुळे ते जुजुत्सूकडे वळले. तेन्जिन शिन्यो-र्यू शैलीत ते प्रहार, सांधे पिरगळणे व गळा आवळणे शिकले, तर कितो-र्यू शैलीत पाडण्याचे डाव. दोन्हींतील उपयुक्त भाग निवडून त्यांनी इ.स. १८८२ मध्ये तोक्योतील एका बौद्ध मंदिरात कोदोकान ही संस्था स्थापन केली.

घातक डावांचा पूर्ण ताकदीने सराव करता येत नाही, ही जुन्या पद्धतीची मर्यादा होती. कानो यांनी असे डाव 'काता' या ठरावीक क्रमाच्या सरावापुरते ठेवले आणि प्रतिकार करणाऱ्या जोडीदाराशी खुल्या झुंजीवर, म्हणजे 'रांदोरी'वर, भर दिला. त्यामुळे ज्युदोच्या स्पर्धांत प्रहारांना स्थान उरले नाही. मात्र उरलेले डाव शिष्यांच्या अंगवळणी पडले. १८८० च्या दशकात तोक्यो पोलिसांच्या सामन्यांत जुन्या शैलींच्या प्रतिस्पर्ध्यांवर त्यांनी मिळवलेल्या विजयांमुळे कोदोकानची कीर्ती पसरली.

इ.स. १९०९ मध्ये कानो आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे पहिले आशियाई सदस्य झाले. कैरो येथील समितीच्या बैठकीहून परतताना जहाजावर त्यांचे निधन झाले. इ.स. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये ज्युदोचा प्रथमच समावेश झाला.